ओपन इलेक्टिव्हला 'पुरातत्त्वाची ओळख' घेऊ का? बी.कॉम.वाल्यांनी घेतलंय का कोणी?

दारव्हा_बसस्टँड

नमस्कार. मी बी.कॉम. पहिल्या वर्षाला आहे, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यावरून एसटीनं ये-जा करते. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतून घ्यावं लागते आणि आमच्याकडे योगाच्या जागा पहिल्याच दिवशी भरल्या. आता दोनच उरले, लोकसाहित्य आणि 'पुरातत्त्वाची ओळख'. सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचा आहे.

घरी सांगितलं तर मोठे बाबा म्हणाले, "हाडकं मोजून कोणाले नोकरी लागली वो? टॅली शिक." त्यांना सांगून दमले की टॅली यात नाहीच आहे.

मला एवढंच विचारायचं आहे: याच्यात पाठांतर किती, गणित लागते का, आणि सहलीचे पैसे किती पडतात. माझी शेवटची गाडी साडेपाचची आहे, म्हणून तेही सांगा. आणि कृपा करून "खूप छान विषय आहे" एवढंच लिहू नका. ज्यांनी खरंच घेतला त्यांनी काय केलं ते लिहा.

सेम_काढलं_एकदाचं

घे. पास होते. आमच्या कॉलेजात पंधरा आठवड्यांत सात तास झाले असतील. ग्रुपवर एक पीडीएफ आली, तिचे फोटो काढून आम्ही पाठ केले. हडप्पाचा नकाशा, पुरातत्त्वाच्या चार व्याख्या, कार्बन-१४चं अर्धायुष्य ५७३० वर्षे, एवढ्यावर ५० पैकी ४१ पडले. एक खापर हातात घेतलं नाही. सहल झाली नाही, पण सहलीचा अहवाल मात्र सगळ्यांनी लिहून दिला. मी मनानं अजिंठ्याला जाऊन आलो.

वर्धाकाठ

वरच्या भावाचं वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण विषय तोच, नशीब वेगळं. मी सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाच.

मी बी.एस्सी.चा, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स. गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. पलीकडे कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर म्हणून आषाढीला तिथून पंढरपूरला पालखी जाते, एवढंच मला त्या गावाबद्दल माहीत होतं. तिसऱ्या सेमला हा पेपर घेतला तो आवडीनं नाही, तास शनिवारी सकाळी होता आणि शनिवारी आमचं प्रॅक्टिकल नसते म्हणून.

पहिले पाच तास वाया गेले असं समज. कनिंगहॅम, १८६१, सर्वेक्षण खात्याची स्थापना, व्हीलर, साधनांची यादी. सर तासिका तत्त्वावरचे, मोटरसायकलनं चाळीस किलोमीटरवरून यायचे. बिचारे वाचून दाखवायचे, आम्ही झोपायचो.

सहाव्या तासाला सर सिमेंटची थैली घेऊन आले. टेबलावर पेपर पसरले आणि थैली पालथी केली. खापरंच खापरं. म्हणाले, "वाटे करा." कशाचे वाटे, काही सांगितलं नाही. खुर्ची ओढून खिडकीजवळ बसले. आमच्या पोट्ट्यांनी रंगावरून वाटे केले. बी.कॉम.च्या पोरींनी जाडीवरून केले (म्हणजे तुमच्यातल्या होत्या बरं, आणि त्यांचेच जास्त बरोबर निघाले). पाऊण तासानं सर उठले आणि सगळे वाटे मोडून तीनच केले: काठ, पोट, बूड. पोटाची खापरं सगळ्यात जास्त आणि त्यांच्यावरून भांड्याचा आकार काही समजत नाही. काठ मूठभर, पण भांडं केवढं होतं ते काठच सांगतो.

तू गणिताचं विचारलं ना, ते इथं लागते, आणि दहावीपुरतंच. काठाचा तुकडा म्हणजे वर्तुळाचा कंस. दोन टोकांमधलं सरळ अंतर, म्हणजे जीवा, मोजायची. मधोमध कंस जीवेपासून किती उंच आहे तेही मोजायचं. माझ्या तुकड्याची जीवा ८ सेंटीमीटर, उंची १. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीनं भागायचं, त्यात उंचीचं अर्धं मिळवायचं. ६४ भागिले ८ अधिक अर्धा, त्रिज्या साडेआठ. म्हणजे तोंड १७ सेंटीमीटरचं, आपल्या घागरीएवढं. तीन बोटांच्या तुकड्यावरून अख्खी घागर! त्या दिवसापासून मी झोपलो नाही. खरं सांगतो, वर्तुळाचे प्रमेय मी दोन वर्षं पाठ केले, ते कशाले लागतात ते तेव्हा समजलं.

त्यात काही खापरं बाहेरून लाल आणि आतून काळी होती. मला वाटलं चुलीची काजळी. सर म्हणाले, भट्टीत भांडं उपडं ठेवलं की आतल्या बाजूला आणि काठाला हवा लागत नाही, ते काळं राहते, बाहेरचं लाल भाजते, असं याचं एक स्पष्टीकरण देतात. मी आमच्या गावच्या कुंभारदादाला विचारलं. ते म्हणाले, "हो, पण आम्ही तसं नाही करत, गिऱ्हाईक म्हणते मडकं कच्चं राह्यलं."

सहलीचे ३२० रुपये घेतले. सकाळी सहाला निघालो, रात्री नऊला परत. पोरींना घरी पोचवायला एक मॅडम सोबत होत्या, ते तू आधीच विचारून घे. पहिलं पवनार. मी तिथं लहानपणी विनोबांचा आश्रम पाहिला होता, धाम नदीत पायही बुडवले होते, पण भिंतीत लावलेल्या मूर्तींकडे लक्षच गेलं नव्हतं. त्यातली राम-भरत भेटीची मूर्ती विनोबांना तिथलंच शेत खणताना सापडली. शां. भा. देव आणि म. के. ढवळीकरांनी १९६७ मध्ये पवनारला उत्खनन केलं. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी म्हणत, वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर ती हीच. पुढं नागपूरला अजब बंगला, १८६३चं संग्रहालय. तिथं पोट्टे भुसा भरलेल्या वाघासमोर फोटो काढत बसले, ते सोडा.

शेवटी काटोल रोडवरून जुनापाणी. शिलावर्तुळं. मोठमोठे दगड गोल मांडून मधे मातीचा उंचवटा, खाली पुरलेली माणसं आणि त्यांचं सामान, इसवी सनाच्या आधीच्या सहस्रकातलं. गवत कमरेएवढं. आम्ही तीन वर्तुळं पार करून गेलो तरी समजलं नाही की आपण वर्तुळातून चाललो. सरांनी काही दगडांवरचे वाटीसारखे कोरलेले खळगे दाखवले, मग सगळे गवत बाजूला करून दगड चाचपायला लागले. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नाक नावाच्या अधिकाऱ्यानं इथं खोदलं होतं. अशीच वर्तुळं माहूरझरीला आहेत, तिथं माणसासोबत घोडाही पुरलेला मिळाला, तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यासकट. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे आमच्या विदर्भात तेव्हा लोखंड गाळत होते आणि आम्हाला शाळेत लोहयुग म्हणजे कुठल्यातरी परदेशातलं प्रकरण वाटायचं.

आता प्रोजेक्ट. ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहून राहिलो.

प्रत्येकानं आपल्या गावची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, शोधायची, ५ मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखायचा, त्यातलं एकूणएक खापर मोजायचं. उचलून घरी न्यायचं नाही, मोजून फोटो काढून तिथंच ठेवायचं, काठाचे तुकडे मात्र सरांना दाखवून परत नेऊन टाकायचे. आमची पांढर मारुतीच्या देवळामागं आहे, दोन पुरुष उंच टेकाड. लहानपणी आम्ही तिथून घसरगुंडी खेळायचो. मी सुतळी आणि चार खुंट्या घेऊन गेलो. २१२ खापरं. किराणावाल्या काकांच्या काट्यावर वजन केलं, ३ किलो ४०० ग्रॅम. ते म्हणाले, "पोरा, भंगारात घेईन कोणी याले?"

माझं डोकं जास्त चालते, म्हणून मी दुसरा चौकोन आमच्या वावरात आखला, पांढरीपासून अर्ध्या किलोमीटरवर. डवरणी होऊन पाऊस पडला की पऱ्हाटीच्या ओळींत खापरं धुऊन वर येतात. ६४ मिळाली. मी लय खूश. अहवालात लिहिलं की जुनी वस्ती आमच्या वावरापर्यंत पसरली होती. नकाशाही काढला, हिरव्या पेननं हद्द दाखवली.

सरांनी अहवाल वाचला आणि एकच विचारलं, "घरी विचारलं का, वावरात कधी माती टाकली?"

संध्याकाळी बाबांना विचारलं. "टाकली ना. मागच्या उन्हाळ्यात सात ट्राल्या. त्याच्या आधी तुह्या आजानं बंडीनं टाकली."

गेली माझी वस्ती! खापर तेच, खरंच जुनं, पण त्याचा पत्ता गेला. टेकाडात ते कोणत्या थरात होतं, राखेच्या वर का खाली, कशाच्या शेजारी, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पुस्तकात 'संदर्भ' नावाचा धडा होता, मी तो चार वेळा वाचला होता, तरी समजला नव्हता. ट्रालीनं समजला.

मी बाबांना म्हटलं, पांढर खोदू नका. ते जेवत होते. म्हणाले, "ते खत हाय. पांढरीनं कोणाचं पोट भरते का? पोट काळीनं भरते." याच्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. काळी जमीन हलकी पडली की पांढरीची माती टाकायची, हे आमच्याकडे पिढ्यांचं आहे आणि त्यानं पीक येते हेही खरं आहे. त्यांना पुरातत्त्वावर व्याख्यान द्यायला मी काही वावरात राबत नाही.

पण एक झालं. ट्रॅक्टरनं माती कापून कापून टेकाडाची एक बाजू भिंतीसारखी उभी राहिली होती. मी तिथं सरळ फीत लावली, १ मीटर ८० सेंटीमीटर उंची, आणि थर काढले: वरची मोकळी माती, मग राखेचा पट्टा, मग चोपलेली पिवळी जमीन, परत राख, खाली घट्ट काळी. माझी आजी खाली उभी राहून पाहत होती. पिवळ्या पट्ट्याकडे बोट करून म्हणाली, "हे सारवलेलं हाय." मी म्हटलं कशावरून. "मी साठ वर्षं सारवून राह्यली, मले नाही समजणार?" काठांचे तुकडेही तिनंच ओळखले. हे परळ, हे येळणी, हे चुलीवरचं, बुडाले काजळी हाय. सरांनी तिची तीन नावं वहीत उतरवून घेतली. मला त्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त आनंद झाला तो याचा.

बाबांनी या वर्षीही माती नेली. फक्त ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं की उभी कड सोड, मागून भर. का, ते मला बोलले नाहीत.

आता वाईट बाजू, कारण तू 'छान छान' नको म्हणालीस. लेखी पेपरात प्रोजेक्टवर एकही प्रश्न नव्हता. व्याख्या, टिपा, कनिंगहॅम. आणि अंतर्गतमध्ये सगळ्यांना सरसकट २० पैकी १६ दिले, मोजणाऱ्यालाही आणि मोजल्याचं नाटक करणाऱ्यालाही. मला एकूण ३८. म्हणजे वर ज्यानं मनानं अजिंठा पाहिला त्याला माझ्यापेक्षा तीन जास्त. नोकरी एका पेपरनं लागत नाही, मोठ्या बाबांचं तेवढं बरोबर आहे. पुढं एम.ए. करायचं असेल तर नागपूर विद्यापीठात विभाग आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. मी काही जाणार नाही, मला बी.एड. करायचं आहे.

सेम_काढलं_एकदाचं

भाऊ, ते तीन गुण घेऊन जा माझे. सहल द्या.

जुना_तलाठी

वर्धाकाठ यांचे लिखाण वाचून चार ओळी लिहितो. मी नोकरीत असताना गावात कोणी म्हातारा 'काळी-पांढरी' म्हणाला की सगळं गाव आलं असं आम्ही समजायचो: काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे राहायची. जुन्या भिंती ढासळून, राख, शेण, चुना मिसळून वस्तीच्या मातीला तो रंग येतो. वऱ्हाडात धाब्याच्या घरांवर छपराला हीच माती टाकत, पाणी धरत नाही म्हणून. तेव्हा पांढर पोखरण्याचे काम ट्रॅक्टरपासून सुरू झालेले नाही, ट्रॅक्टरने वेग आणला.

मुलीला एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. खापरे मोजताना कधी नाणे किंवा दागिना मिळाला तर घरी ठेवू नये. १८७८चा निखात निधी कायदा आजही आहे. दहा रुपयांच्या वरच्या किमतीचे काही जमिनीत मिळाले तर कलेक्टरांना कळवावे लागते. लोक भितात की जमीन जाईल, म्हणून सोनाराकडे नेऊन वितळवतात. मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. तो वितळला नाही म्हणून मिराशींना वाचता आला, आणि पुराणांच्या यादीत नसलेल्या काही राजांची नावे त्यातून कळली. आमच्या सज्जात मात्र एकदा मडकंभर नाणी मिळाल्याची बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मडके तेवढे शिल्लक होते.

पूर्णाकाठची

मी संग्रामपूर तालुक्यातली, बी.ए. आम्हाला भोनला नेलं होतं. पूर्णेच्या काठावर विटांचा स्तूप मिळालेली जागा, डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलेली. ती जिगाव प्रकल्पाच्या बुडितात येते. सरांनी तिथं उभं राहून सांगितलं, पाहून घ्या. आम्ही पाहिलं. समोर गवत, उंचवटा आणि लांब पूर्णा, बाकी काही नाही. उत्खनन झालं की परत माती टाकून बुजवतात, हे मला माहीत नव्हतं, मी आपली मोठा स्तूप पाहायला मिळेल म्हणून नवा ड्रेस घालून गेले होते.

दारव्हा ताई, तुला कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते. सहलीला बाथरूमची सोय कुठं कुठं आहे ते आधी विचार. टेकाडावर काहीच नसते. पोट्टे कुठंही जातात, आम्ही दुपारपर्यंत पाणीच पिलो नाही आणि दोघींना चक्कर आली. चप्पल नको, बूट घाल, कुसळं लागतात. आणि साडेपाचची गाडी सहलीच्या दिवशी विसर, बाबांना आधीच सांगून ठेव घ्यायला ये म्हणून.

दारव्हा_बसस्टँड

सगळ्यांचे आभार. मी आज कॉलेजात विचारलं. इतिहासाच्या मॅडम शिकवणार आहेत, म्हणाल्या प्रोजेक्ट ठेवीन पण सहलीचं दहा जणी तयार झाल्या तर पाहू. मी नऊ नावं जमवली. दहावं माझ्या मैत्रिणीचं, तिच्या घरून हो आलं की झालं.

घरी जेवताना विचारलं की आपल्या गावची पांढर कुठं आहे. मोठे बाबा एकदम सुरू झाले, गढीमागं आहे, तिथं आम्ही गोट्या खेळायचो, तिथं पावसात काचेचे मणी मिळायचे, त्यांच्या मायनं ते दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधले होते नजर लागू नये म्हणून. अर्धा तास बोलले. मग म्हणाले, "पण टॅली शिकच."

आज सकाळी गढीमागं जाऊन आले. हे सापडलं, फोटो टाकते. लाल आहे, जाड आहे, मागून दोन सरळ खाचा आहेत. वर्धाकाठ दादा, हा काठ आहे का बूड? जीवा मोजायला गेले तर वक्र येतच नाही आहे. किती जुनं असेल?

वर्धाकाठ

वक्र येणार नाही. ते छपराचं कवेलू आहे, इंग्रजी कवेलू. धुऊन पाहा, कंपनीचं नाव असेल.

दारव्हा_बसस्टँड

धुतलं. आहे. अर्धंच आहे, पुढचा भाग तुटला.

वर्धाकाठ

मग गढीवर ते छप्पर कधी टाकलं ते मोठ्या बाबांना विचार, आणि वहीत पहिल्या नंबरला लिही. माझ्या वहीत पहिल्या नंबरला बिअरच्या बाटलीचं बूड आहे.